ताईंना पाच तारे, करारपत्राला अडीच

घरी येऊन मूल सांभाळणारी बाई मिळवून देणाऱ्या एजन्सीचा हा अनुभव. नाव देत नाही, कारण सही करण्याआधी मी आणखीही एजन्सींचे करार चाळले होते आणि आजारपणाच्या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी निघाले.

आधी चांगलं. निवड चोख. कागदपत्रांची तपासणी झालेली, आधीच्या घरांशी आमचं थेट बोलणं करून दिलं, आणि ज्या ताई आल्या त्यांना तोड नाही.

आता लेक आजारी पडते तेव्हाचं. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला व्हायचाच, असं कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. तरी करारात त्यावर जेमतेम एक परिच्छेद: पालकांनी कळवावे, सेविका न आल्यास खाडा धरला जाईल, एजन्सी बदली सेविका देईल. संपलं.

लेकीला हात-पाय-तोंडाचा आजार झाला. तळहातांवर पुरळ, तोंडात फोड, पाण्याचा घोटही गिळवेना. पहिल्या आठवड्यात हा सर्वांत जास्त पसरतो आणि ताईंच्या घरी लहान नातू आहे, म्हणून आम्हीच त्यांना येऊ नका म्हटलं. महिनाअखेरीस एजन्सीच्या हिशेबात ते सगळे दिवस खाडे! फोन केला तर समन्वयक मॅडम म्हणतात, "सर, काम झालं नाही तर पैसे कसे लावणार?" अहो, काम आम्ही थांबवलं, त्या तर यायला तयार होत्या. पगार पूर्ण लावून घेतला, पण ईमेलवर ईमेल पाठवल्यावर.

बरं, मुलीचं दुखणं ताईंना लागलं तर? करार म्हणतो, ती 'वैयक्तिक रजा', म्हणजे बिनपगारी. मुलगी तोंडावर शिंकणार आणि रजा मात्र ताईंची वैयक्तिक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 सालच्या 189 क्रमांकाच्या करारात घरकामगारांना सुरक्षित, निरोगी कामाच्या जागेचा हक्क दिलाय, तो या मसुदा लिहिणाऱ्यांच्या कानावर गेलेला दिसत नाही. आणि पगार कापला की काय होतं, ते सांगायला तज्ज्ञ नको. बाई खोकला दाबून कामावर येते.

बदली बाईची सोय तर मला सगळ्यात खटकली. तापाने फणफणलेलं पोर आईच्या मांडीवरून उतरत नाही, त्याच्यापुढे अनोळखी चेहरा. शिवाय तीच बाई दुसऱ्या दिवशी आणखी कुणाच्या तान्ह्या बाळाकडे जाणार. याबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "त्या सॅनिटायझर लावतात." उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं.

शेवटी ताईंबरोबर बसून आम्ही वेगळं पान लिहिलं. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर आमच्यापैकी एक जण घरी थांबणार. अशा दिवशी यायचं की नाही ते ताई ठरवणार, पगार दोन्हीकडे पूर्ण. उलट्या-जुलाब थांबून 48 तास होईपर्यंत बोलावणार नाही. निरोप आदल्या रात्रीच द्यायचा, त्या दारात पोचल्यावर नाही. आमच्या घरून लागलेल्या दुखण्याची रजा भरपगारी. कांजिण्यांची ओळ ताईंनी घालायला लावली: "मला लहानपणी झाल्या नाहीत, आणि सून गरोदर आहे." पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात. तेव्हा लेकीच्या खेळातल्या कुणाला झाल्याचं कळलं की लगेच ताईंना फोन, लेकीच्या अंगावर उठायची वाट बघायची नाही. हे आम्हा दोघांना सुचलं नसतं.

या पानावर शिक्का मारायला एजन्सी तयार नाही. "आमच्या नमुन्यात बसत नाही." ठीक आहे, आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

अडीच तारे तरी का, तर औषधाची वही. एजन्सी ती पहिल्या दिवशी देते: वेळ, ताप, औषधाचं नाव, किती मिली, कुणी दिलं. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर ठरतं आणि दोन डोसांत निदान चार तास जावे लागतात. एकदा बायकोने ऑफिसला निघताना डोस दिला आणि सांगायचं राहिलं. थोड्या वेळाने लेक पुन्हा तापली. ताईंनी बाटली काढली, वही उघडली, वरची नोंद बघितली आणि बाटली परत कपाटात ठेवून मला फोन केला. एवढं साधं काम, पण कुणीतरी डोकं चालवून रकाने आखलेत.

एजन्सी घ्यायची तर निवडीसाठी जरूर घ्या. खाड्याचं कलम सहीआधी खोडायला लावा, नंतर कोणी ऐकत नाही. बदली बाई आदल्या दिवशी कुठल्या घरी होती, तिथे कुणी आजारी होतं का, हेही विचारा. वही भरली की दुसरी देत नाहीत, झेरॉक्स काढायला सांगतात, तेव्हा एक पान कोरं ठेवा.