क्लास लावावा की खाली खेळू द्यावं?

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा परवा फोन आला. लेक जूनमध्ये पहिलीत जाणार. सोसायटीच्या ग्रुपवर स्केटिंग, अबॅकस (मण्यांच्या पाटीवरचं गणित), कथक आणि फोनिक्स (अक्षरांच्या उच्चारांवरून इंग्रजी वाचन) अशा चार क्लासच्या जाहिराती येऊन पडलेल्या. "ताई, कशात घालू?" मी विचारलं, काहीच लावलं नाहीस तर? "मग काय, नुसती खाली खेळेल."

त्या 'नुसती'वर आम्ही तासभर बोललो.

आधी घड्याळाचं बघू. आपल्याकडे 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश आहे. पोरांची झोप झाली हे चांगलंच, पण ती घरीही उशिरा यायला लागली. व्हॅनमधून उतरून, हातपाय धुऊन, पोळीचा लाडू तोंडात कोंबेपर्यंत पाच वाजतात. डिसेंबरात नाशकात सहाला सूर्य बुडालेला असतो. म्हणजे हाताशी उजेडाचा एक तास. क्लास आणि खेळ यांचं भांडण या एका तासावरून आहे.

त्या तासात अंग किती हलतं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसभरात मिळून 180 मिनिटं, त्यातली 60 मध्यम ते जोरकस. माझा मुलगा स्केटिंगला जायचा तेव्हा मी एकदा बाकावर बसून मोजलं होतं. पट्टे बांधणं, रांग, सरांची सूचना, पुन्हा रांग. तासातली जेमतेम वीस मिनिटं तो चाकांवर होता. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये साखळी खेळताना त्याला पाणी प्यायलाही थांबायचं नव्हतं.

शिकण्याच्या बाबतीत फरक आणखी मोठा आहे. क्लासमध्ये बॅच वयाची असते, नियम सरांचे आणि भांडणही सरच मिटवतात. खाली चार वर्षांचं पोर दहा वर्षांच्या दादाच्या मागे धावतं. ते सारखं आउट होणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्याला 'कच्चा लिंबू' करतात: खेळात घ्यायचं, पण राज्य द्यायचं नाही. काय सुंदर सोय आहे ही! कुठल्या मोठ्या माणसाने शिकवली नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. मग एके दिवशी तोच लिंबू रुसून म्हणतो, "मलाही राज्य हवं." आपल्याला आता जमेल, हे त्याचं त्याला कळलेलं असतं. चकायचं कसं, 'टॅम्प्लीज' कधी चालतं, लगोरीची चपटी फरशी कोण आणणार, रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या घ्यायचं की नाही, हे सगळे निर्णय पोरंच घेतात. पन्नास मिनिटांच्या खेळात वीस मिनिटं वाद चालतो. वरून बघणाऱ्याला तो वेळ वाया गेलासा वाटतो. माझ्या मते त्या संध्याकाळचा ऐवज तोच.

पण खालच्या खेळाचं सगळंच गोड नाही. पार्किंगमध्ये गाड्या रिव्हर्स येतात. मोठ्या मुलांचं क्रिकेट सुरू झालं की जागा गेली, आणि पहिल्यांदा मुली बाजूला पडतात. बुजऱ्या पोराला कुणी बोलवायलाच जात नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सगळेच क्लासला गेले तर खाली खेळायचं कुणाशी? एकटं पोर झोपाळ्यावर दहा मिनिटं बसून वर येतं आणि मोबाइल मागतं.

काही गोष्टी क्लासशिवाय होतच नाहीत. पोहणं पहिलं. पावसाळ्यात गोदाकाठचा दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला यावर पुराची उंची मोजणाऱ्या गावात पोहणं ऐच्छिक विषय असू नये. बहुतेक मुलं चौथ्या वर्षानंतर ते शिकायला तयार असतात, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्र्यंबक रोडचा सावरकर जलतरण तलाव असो की दुसरा कुठला, प्रशिक्षक आणि जीवरक्षक दोघंही काठावर हजर असतील तिथेच घाला. आणि पोहता आलं तरी पोराला पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही. तबला, कथक यांनाही गुरू लागतो, पण मूल स्वतः ठेका धरत असेल तर; शेजारच्या मुलीने लावलं म्हणून नको.

अबॅकस आणि फोनिक्सवर मी फार वेळ घालवला नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं म्हणतं, मग शाळेतून आल्यावर पुन्हा टेबलाशी कशाला?

बहिणीची खरी भीती वेगळी होती: "उशीर झाला तर मागे पडेल." मी तिला नौकानयनपटू दत्तू भोकनळ सांगितला. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावातला. लष्करात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर तो पहिल्यांदा वल्हं मारायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. एका माणसावरून नियम ठरत नाही, हे मान्य. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात लागतेच. पण पहिलीतल्या पोरीची गाडी कुठेही सुटलेली नाही.

एक कारण मात्र मी खोडलं नाही. दोघंही नोकरीला आहेत, आजी सिन्नरला. क्लास म्हणजे तासभर कुणाचं तरी लक्ष. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मग जाहिरातीतली पदकं बघू नयेत, शिकवणारी व्यक्ती पोरांशी कशी बोलते ते बघावं आणि आपल्याला आठवडाभर नुसतं बघत बसू देतात का विचारावं. माझ्या मुलाच्या एका क्लासने पालकांना दाराबाहेर ठेवलं होतं. आम्ही महिन्यात सोडला.

शेवटी असं ठरलं: उन्हाळ्यात पोहणं, शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून दोनच दिवस कथक, तेही तिला आवडलं तर. उरलेल्या दिवशी खाली. सोबत्यांसाठी तिने ग्रुपवर मेसेज टाकला, "मंगळवार-गुरुवार पाच ते सहा मुलं खाली पाठवू या का? एक पालक आळीपाळीने गेटपाशी बसेल." दोन घरांतून होकार आला. तिसऱ्या घरातून उत्तर आलं, "आमचं स्केटिंग साडेपाचला सुटतं, चाकं काढून लगेच पाठवते."