आधी 'क्लोज टू द एज' ऐकावा की 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'?

प्रोग्रेसिव्ह रॉककडे, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताकडे, नव्याने वळलेल्या श्रोत्याला येस या इंग्लिश बँडचे नाव फार लवकर कानावर येते, आणि त्यापाठोपाठ परस्परविरोधी सल्लेही येतात. सप्टेंबर १९७२ मध्ये आलेल्या 'क्लोज टू द एज'बद्दल जाणकारांचे जवळजवळ एकमत आहे. डिसेंबर १९७३ मध्ये आलेल्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'बद्दल मात्र पन्नास वर्षे उलटली तरी वाद मिटलेला नाही. काही श्रोते त्याला बँडचे सर्वांत धाडसी काम मानतात, तर काहींना त्याच्या दोन तबकड्यांच्या चार बाजूंपैकी तिसरीपर्यंतही कधी पोहोचता आलेले नाही. दोन्ही अल्बम मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि माझा कौल पहिल्याच्या बाजूने आहे. तरीही दुसऱ्याला नाकारणाऱ्यांची कारणे मला बहुतेक वेळा अपुरी वाटतात.

आधी आकारमान पाहू. 'क्लोज टू द एज'मध्ये केवळ तीन रचना आहेत. शीर्षकरचना साधारण पावणेएकोणीस मिनिटांची असून ती तबकडीची पहिली बाजू एकटीच व्यापते, तर दुसऱ्या बाजूवर 'अँड यू अँड आय' आणि 'सायबेरियन खात्रू' आहेत. सगळे मिळून चाळीस मिनिटेही भरत नाहीत. 'टेल्स' हा दोन तबकड्यांचा अल्बम आहे. त्याच्या चार बाजूंवर चार रचना आहेत, प्रत्येक रचना अठरा ते बावीस मिनिटांची आहे आणि एकूण वेळ सुमारे ८१ मिनिटे होतो. तक्रारीचे मूळ इथेच आहे. कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले की हाताशी असलेले संगीत एका तबकडीत मावणारे नव्हते आणि दोन तबकड्या भरण्याइतकेही नव्हते, त्यामुळे भर घालावी लागली. मँचेस्टरच्या मैफलीत हे संगीत चालू असतानाच मंचावर बसून करी खाल्ल्याची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये त्यांनी बँड सोडला.

तरीही निव्वळ लांबी हा दोष मानता येणार नाही, कारण 'क्लोज टू द एज'ची शीर्षकरचनाही लांबच आहे आणि ती ऐकताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. फरक पडतो तो लांबी कशी वापरली आहे त्याने. 'क्लोज टू द एज'ची सुरुवात पक्ष्यांच्या किलबिलाटाने आणि वाहत्या पाण्याने होते. तो आवाज हळूहळू फुगत जातो आणि मग स्टीव्ह हाऊ यांची गिटार, ख्रिस स्क्वायर यांचा बेस आणि बिल ब्रुफर्ड यांचे ड्रम एकदम अंगावर येतात. तिघे तीन दिशांना धावत आहेत असे वाटते, पण मधूनच एक क्षणभर सगळे गप्प होतात, फक्त आवाजांचा एक हुंकार उमटतो आणि धावणे पुन्हा सुरू होते. प्रत्यक्ष गाण्याचे शब्द येईपर्यंत चार मिनिटे होत आलेली असतात. पुढे मध्यभागी सगळे शांत होते, जॉन अँडरसन यांचा उंच, स्वच्छ स्वर जवळजवळ एकटा उरतो आणि त्यातून चर्चचा पाइप ऑर्गन उसळून वर येतो. तो ऑर्गन लंडनच्या क्रिपलगेट भागातील सेंट जाइल्स चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे. त्यानंतर सुरुवातीच्या चाली परततात, पण आता त्यांचे वजन बदललेले असते, आणि शेवटी तेच पक्षी आणि तेच पाणी ऐकू येते. हेर्मान हेसे यांच्या 'सिद्धार्थ' कादंबरीतील नदीने अँडरसन यांना ही कल्पना सुचवली होती. ती कादंबरी न वाचताही हे परतणे श्रोत्याला जाणवते.

'टेल्स'चे मूळही भारताशी जोडलेले आहे आणि मराठी श्रोत्याने ते जाणून घेणे उपयोगाचे आहे. १९७३ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एक तळटीप अँडरसन यांच्या वाचनात आली. त्या तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे असे शास्त्रांचे चार वर्ग सांगितले होते, आणि त्यावरून चार बाजूंची योजना आखली गेली. आपल्याला हे शब्द लहानपणापासून ऐकून परिचयाचे असल्यामुळे अपेक्षा वाढते आणि निराशाही लवकर होते. या गीतांमध्ये शास्त्रविचार शोधू नये, कारण ती प्रतिमांच्या साखळीने पुढे सरकतात आणि अर्थापेक्षा नादाला अधिक जपतात. पुराणांशी जोडलेल्या तिसऱ्या बाजूवर निरनिराळ्या भाषांतील सूर्यवाचक शब्द एकामागून एक उच्चारले जातात, आणि त्यांत 'धूप' हा आपल्या ओळखीचा शब्द अचानक कानावर पडतो. मला तो क्षण फार आवडतो.

पहिल्या बाजूचा आरंभही असाच दाद देण्याजोगा आहे. अँडरसन जवळजवळ एकाच पट्टीत, पठण करावे तसे शब्द म्हणू लागतात, एकेक आवाज त्यात मिसळत जातो, लय घट्ट होत जाते आणि मग सगळी वाद्ये मोकळी सुटतात. २००३ च्या पुनर्प्रकाशनात या पठणाआधी सुमारे दोन मिनिटांचा वाद्यांचा भाग जोडला आहे, तेव्हा आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे हे आधी पाहून घ्यावे. माझ्या मते मूळ आरंभच अधिक परिणामकारक आहे.

दोन्ही अल्बमांच्या पोतातील मोठा फरक ड्रमवादकामुळेही पडला आहे. ब्रुफर्ड 'क्लोज टू द एज' पूर्ण करून किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइट यांना दौऱ्याची तयारी करायला अवघे तीन दिवस मिळाले. ब्रुफर्ड यांचा ठोका कोरडा आणि नेमका असून अनेकदा अपेक्षित जागा चुकवून पडतो, त्यामुळे पहिल्या अल्बममध्ये सतत ताण राहतो. व्हाइट यांचे वादन अधिक भारदस्त आणि वाहते आहे. ते 'टेल्स'च्या स्वभावाला शोभते, पण दुसऱ्या बाजूवर रचना मंदावते तेव्हा तिला पुढे ढकलणारे कुणी उरत नाही. भर घातल्याचा आरोप मला खरा वाटतो तो या बाजूपुरता.

'बडा ख्याल ऐकणाऱ्याला टेल्स जड जाणार नाही,' असे मीही पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही. ख्यालात एकच राग सावकाश उलगडत जातो आणि श्रोत्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक असते. 'टेल्स'मध्ये एकापुढे एक नवे प्रदेश येत राहतात आणि त्यांच्यातील नाते ओळखायला चार-पाच वेळा ऐकावे लागते.

म्हणून ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे, किंवा ज्यांना लांब रचनांची सवय नाही, त्यांनी 'क्लोज टू द एज'च घ्यावा आणि शीर्षकरचना मध्ये न थांबता ऐकावी. ती जड गेली तर आधी 'अँड यू अँड आय' लावावे. गिटारच्या तारा जुळवल्यासारख्या आरंभापासून ते पसरट, भव्य मध्यापर्यंत ती रचना नवख्या श्रोत्याला हात धरून नेते.

ज्यांना हा अल्बम पाठ होत आला आहे आणि त्याच बँडने बंधने सैल केल्यावर काय घडते याचे कुतूहल आहे, त्यांनी 'टेल्स'कडे वळावे, पण चारही बाजू सलग ऐकण्याचा हट्ट धरू नये. पहिली आणि चौथी बाजू वेगवेगळ्या दिवशी ऐकावी. चौथ्या बाजूवरील स्क्वायर यांचा बेस आणि त्यानंतरचा तालवाद्यांचा गदारोळ मोठ्या आवाजातच ऐकायला हवा. त्यानंतर तिसऱ्या बाजूची केवळ शेवटची सहा मिनिटे लावावीत. तिथे सगळा कोलाहल ओसरलेला असतो, हाऊ यांची स्पॅनिश गिटार एकटी वाजू लागते आणि अँडरसन अगदी हलक्या आवाजात गातात.