आखूड काचकांडी : जोडायची, की चिमट्यात धरायची?

ज्योतीवर काच वितळवून मणी करताना काचेची कांडी संपत संपत आठ-नऊ सेंटिमीटरवर आली की बोटांना धग जाणवायला लागते. ही धग काचेतून येत नाही, समोरच्या ज्योतीतून येते. काच उष्णता फार सावकाश वाहून नेते. म्हणून टोकाला लाल गोळा लोंबत असतानाही वीतभर मागे कांडी हाताला साधी लागते. स्टेनलेस स्टील तीच उष्णता काचेच्या पंधरापटीच्या आसपास वाहून नेतं. हा फरक लक्षात ठेवूनच हत्यार निवडावं.

मी बोलतेय ते इटलीतल्या मुरानोच्या मऊ सोडा काचेबद्दल. तिचा प्रसरणाचा आकडा, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते याचं माप, 104; कांडी 5-6 मिलिमीटर जाडीची. 33 आकड्याची बोरोसिलिकेट काच तापमानाचा झटका बराच सोसते, तिथे इतकी काळजी करावी लागत नाही.

साधा चिमटा सगळ्यांकडे असतोच, पण तो तुकडा उचलण्यापुरता. तो सतत दाबून ठेवावा लागतो, आणि मण्याची चार वेटोळी होईपर्यंत अंगठा भरून येतो.

त्यामानाने आर्टरी फोर्सेप, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरतात तो कात्रीसारख्या कड्यांचा चिमटा, बरा. सर्जिकल साहित्याच्या दुकानात सहज मिळतो, खाचेत अडकतो, हात मोकळा राहतो. पण दोन अडचणी आहेत. पहिली पकडीची. गोल कांडी त्याच्या सपाट दातांत फक्त दोन रेघांवर टेकते. सैल धरली तर भोवऱ्यासारखी फिरते, घट्ट धरली तर चिरते. मी सुरुवातीला रुबिनो ओरोचा तुकडा, म्हणजे सोनं घातलेली महागडी गुलाबी काच, शेवटच्या खाचेपर्यंत आवळून थेट ज्योतीत नेला होता. फोर्सेप थंडगार होता. तुकडा दातांतच टचकन तुटला आणि निम्मा एप्रनवर पडला. तेव्हापासून दातांची टोकं आधी ज्योतीच्या कडेला कोमट करते आणि पहिल्याच खाचेवर थांबते. दुसरी अडचण मोठी आहे. कांडी बोटांत लाटत राहावी लागते, आणि कड्यांचं हत्यार मनगटाच्या अर्ध्या वळणापलीकडे फिरत नाही. मऊ झालेली काच मग एका बाजूला ओघळते.

धातूच्या चार बोटांनी कांडी धरणारा स्प्रिंगवाला पकडहात ही अडचण सोडवतो, कारण त्याची मूठ गोल असते आणि पेन्सिलीसारखी लाटता येते. पण बारीक कांडी त्यात डुगडुगते, आणि पुढचं वजन वाढल्यामुळे ज्योतीत नेम धरणं जड जातं. मोठे पेंडंट, छोटी शिल्पं करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. फक्त मण्यांसाठी मी घेणार नाही.

स्टीलची सळई लाल करून कांडीच्या मऊ टोकाला टेकवली की चिकटते, आणि गोल असल्यामुळे लाटताही येते. मात्र थंड होताना स्टील काचेपेक्षा जास्त आकसतं आणि सांधा आपोआप सुटतो. काम संपल्यावर हे सोयीचं आहे. काम चालू असताना सळई ज्योतीपासून फार वेळ लांब राहिली, तर तुकडा मांडीवर येतो.

आणि मग जोडणं, म्हणजे आखूड तुकडा दुसऱ्या लांब कांडीला चिकटवणं. माझं मत सरळ याच बाजूचं आहे, कारण काचेला काचेइतकी चांगली मूठ दुसरी नाही. दोन्ही टोकं आधी ज्योतीच्या लांबच्या, सौम्य भागात आत-बाहेर करत तापवायची. मधाच्या थेंबासारखी जड झाली की ज्योतीबाहेर समोरासमोर टेकवायची, किंचित दाबायची आणि लगेच केसभर ओढायची. हे ओढणं विसरू नका. सांध्यावर फुगवटा राहिला तर जाड भाग आणि बारीक भाग वेगवेगळ्या वेगाने निवतात आणि पुढच्या वेळी कांडी नेमकी तिथेच तडकते. मग लाली जाईपर्यंत सांधा सौम्य ज्योतीत फिरवत राहायचा. डिडिमियमचा चष्मा इथे हवाच, कारण सोडियमचा 589 नॅनोमीटरचा पिवळा भडका अडल्याशिवाय सांधा दिसतच नाही.

जोडताना प्रसरणाचा आकडा जुळला पाहिजे. आकडा न लिहिलेली सुटी काच 104 ला जोडू नका. रंगही पाहा. हस्तिदंती काचेतलं गंधक आणि फिरोजी काचेतलं तांबं भेटलं की मध्ये काळपट रेघ उमटते. नक्षीत ती सुंदर दिसते, पण सांध्यावरून मण्यात आली तर नको असते. त्याच रंगाला तोच रंग जोडला की हा प्रश्नच येत नाही.

मग फोर्सेप घ्यायचा की नाही? घ्या, एकच, सरळ तोंडाचा. पण मणी करायला नव्हे, चार सेंटिमीटरचा तुकडा जोडताना ते अर्धं मिनिट धरायला. तेवढ्यात त्याचे दोन्ही दोष आड येत नाहीत, आणि पुढचं सगळं काम बोटांत लाटत होतं.

दोन सेंटिमीटरच्या खालचे तुकडे मी हत्यारात धरतच नाही. भट्टी 510 अंश सेल्सियसच्या आसपास, मणी सावकाश निववायला लावलेली असते, तेव्हा ते दाराशी ठेवते आणि त्याच रंगाच्या लांब कांडीच्या तापलेल्या टोकाने एकेक टिपून घेते. रुबिनो ओरोचे शेवटचे तुकडे असेच संपतात.