शेतीत धंदा शिकायचाय: आपलं कृषी विद्यापीठ, 'अर्थ' की सामोरानो?

बारावीनंतर बी.एस्सी. कृषी करायचं, पण पुढे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसायचं नाही. पदवी मिळाली की स्वतःचं काहीतरी उभं करायचं, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'प्रात्यक्षिकावर भर' हे शब्द प्रत्येक माहितीपत्रकात असतात, त्यावर जाऊ नका. दोनच गोष्टी विचारा. धंद्याचा पैसा विद्यार्थ्याच्या हातात कोणत्या वर्षी येतो? आणि माल अंगावर पडला तर तोटा कोण सोसतं?

कोस्टा रिकातल्या ग्वासिमो इथली 'अर्थ' (EARTH) युनिव्हर्सिटी, म्हणजे तिथलं शेतीचं विद्यापीठ, १९९० मध्ये सुरू झाली. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्यांचे गट आपली छोटी कंपनी काढतात. काय विकायचं, कोणाला विकायचं, खर्च किती येईल याचा आराखडा करायचा, विद्यापीठाकडून कर्ज घ्यायचं, उत्पादन काढायचं, विकायचं, कर्ज फेडायचं आणि उरलं तर वाटून घ्यायचं. कर्ज फेडायचंय म्हटल्यावर हिशेबाची वही आपोआप नीट लिहिली जाते, हे वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय एकदा चुकलं तर सुधारायला पुढची वर्षं शिल्लक असतात.

होंडुरासमधलं सामोरानो हे कृषी विद्यापीठ त्याहून जुनं, १९४० च्या दशकातलं. 'करून शिका' हीच तिथली पद्धत. शेतातलं काम रोजच्या वेळापत्रकातच असतं आणि शिस्त कडक. चांगला शेतव्यवस्थापक व्हायचं असेल तर ते उत्तम, धंद्याची जोखीम अंगावर घ्यायला शिकायचं असेल तर मी 'अर्थ'ला वर ठेवीन. दोन्हीकडे शिक्षण मुख्यतः स्पॅनिशमधून आहे. तेवढी तयारी आणि शिष्यवृत्ती दोन्ही नसतील तर तो विचार इथेच सोडलेला बरा.

आता आपल्याकडे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांत शेतावरची प्रात्यक्षिकं आधीपासून असतात, पण खरी कसोटी गेली काही वर्षं चौथ्या वर्षात ठेवलेली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची 'स्टुडंट रेडी' योजना २०१५ मध्ये आली, तिचे आपल्या कामाचे भाग दोन. पहिला 'रावे', म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव: २० आठवडे, त्यातले ८ गावात. दुसरा अनुभवात्मक शिक्षण, ज्याला मुलं ईएलपी म्हणतात: १०-१० क्रेडिटची (श्रेयांकांची) दोन मॉड्यूल, म्हणजे अळिंबी, ब्रॉयलर असे उत्पादनाचे विषय, निवडायची आणि उत्पादन काढून विकायचं. २०२४-२५ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन वर्षांतही कौशल्याचे कोर्स आले आहेत, तेव्हा तुमच्या बॅचचा तक्ता महाविद्यालयातून मागून घ्या.

रावेची थट्टा खूप होते. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, बोर्डो मिश्रण, पेपरात 'कृषीकन्यांनी केले मार्गदर्शन' आणि शेवटी जाडजूड फाइल. थट्टा खोटी नाही. पण ईएलपी जे कधीच दाखवत नाही ते या ८ आठवड्यांत दिसतं: खत-औषधं उधारीवर कशी उचलली जातात, ती उधारी कोणत्या पिकावर फिटते, आडत (दलाली) आणि हमाली वजा जाता विक्रीच्या पट्टीवर काय उरतं. उद्या तुमचं गिऱ्हाईक शेतकरीच असणार असेल, रोपवाटिका म्हणा, सेवा केंद्र म्हणा, तर रावे हाच तुमचा बाजार-अभ्यास. फाइल रात्री लिहा, दिवसा शेतकऱ्याच्या मागे फिरा.

ईएलपीत उलट आहे. पैसा हाताळायला मिळतो, पण भांडवल संस्थेचं. नफ्यात वाटा असतो, कर्ज मात्र नसतं, त्यामुळे तोटा झाला तर दुखतं ते फक्त गुणपत्रिकेत. गिऱ्हाईकही बहुतेक कॅम्पसमधलंच. सरांच्या घरी गेलेली अळिंबीची (मशरूमची) पाकिटं म्हणजे मागणी नव्हे! यावर उपाय विद्यार्थ्यालाच करावा लागतो: निम्मा तरी माल बाहेरच्या अनोळखी दुकानदाराला विकायचा, असं गटात आधीच ठरवून टाका.

मॉड्यूल निवडताना चक्र किती दिवसांचं आहे ते बघा. धिंगरी अळिंबीचा पहिला तोडा बी भरल्यापासून साधारण महिन्याभरात येतो, ब्रॉयलरची बॅच सुमारे सहा आठवड्यांत निघते. म्हणजे एका सत्रात दुसरी बॅच घेता येते, आणि धंदा दुसऱ्या बॅचमध्ये समजतो. गांडूळखताला दोन-तीन महिने लागतात. बीजोत्पादनात अख्खा हंगाम जातो, चुकलात तर चुकलात. मात्र ईएलपीचं सत्र साधारण जानेवारीनंतरचं असेल तर अकोला-परभणीच्या एप्रिलमध्ये अळिंबीला गारवा आणि ओल टिकवणं खर्चाचं काम आहे, आणि उष्माघाताने पक्षी मरतात ते वेगळंच. दापोलीच्या दमट हवेचं गणित निराळं. तिकडे कलमं-रोपवाटिकेचा विचार आधी करावा.

घरची शेती असेल तर माझं मत सरळ आहे: आपलंच विद्यापीठ घ्या. पहिल्या वर्षापासूनचा धंदा 'अर्थ' देतं, तो तुम्ही सुट्टीत घरच्या दहा गुंठ्यांवर करू शकता, वडिलांकडून लेखी उसने पैसे घेऊन. कीटकनाशकांचं दुकान टाकायचं झालं तर परवान्यासाठीही ही पदवी चालते. शेती नसेल, तर पदवीनंतरचा रस्ता आधीच बघून ठेवा. कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना २००२ पासून आहे: ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांपर्यंतची मर्यादा, अनुदान ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के. ईएलपीत न भेटलेलं कर्ज इथे भेटतं. फक्त बँकेत जाताना ईएलपीची खरी विक्रीवही सोबत न्या, प्रकल्प अहवालातल्या आकड्यांना तेवढाच आधार असतो.