दोरीची तेर्स: तारखांवर तारखा पडणाऱ्यांसाठी

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तात, म्हणजे सणात (3 डिसेंबर; नोव्हेना, म्हणजे आधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून), नवसाच्या मेणाच्या हातापायांशेजारीच तेर्साच्या, म्हणजे ख्रिस्ती जपाच्या, माळा टांगलेल्या असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय घेता येतो. मामलेदाराकडे पडून राहिलेल्या मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) दाव्याला तसा आकार नाही. त्याला माळच लागते, आणि तीही टिकणारी.

काचेच्या मण्यांची, साखळीची माळ देखणी. नऊ दिवस ठीक. रोज हाताळली की तीन फाटे जुळतात त्या पदकाशीच तुटते, कारण तिथली कडी झाळलेली नसते, नुसती वळवलेली असते. ती चिमट्याने बाजूला पिळून मिटवावी; ताणून उघडली तर पुन्हा गोल होत नाही. घामाने मुलामा काळवंडतो ते वेगळेच.

लाकडी मणी आणि नायलॉनची गाठींची दोरी, हाच आमचा कौल. घेताना मणी मोजा: 59 हवेत, 53 ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचे, 6 ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे. एखादे दशक, म्हणजे दहा मण्यांचा गट, नऊचे निघते. टोकाची गाठ सैल असेल तर आवळून टोक मेणबत्तीवर क्षणभर धरा. पावसात लाकडावर बुरशी चढते. डबीत कोंडू नका, वाऱ्याला टांगा.

आता वापर. पूर्ण तेर्साला 15-20 मिनिटे लागतात. सुनावणीच्या आदल्या रात्री पाचही दशके म्हणायची आणि तारीख पुढे गेली की माळ कपाटात, हे नेहमीचे. त्यापेक्षा रोज एकच दशक, तारीख असो वा नसो. मंगळवार-शुक्रवार दुःखाची रहस्ये, म्हणजे मनन करायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग; पहिलेच गेथशेमाने बागेचे, तिथे येशूने तेच मागणे तीनदा मागितले. शब्द सुचेनासे झाले तर बायबलमधले स्तोत्र 13 उघडा, पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ चारदा येते.

बायबलमध्येच लूक 18:1-8 मधली, अन्यायी न्यायाधीशाकडे न्याय मागत राहणारी विधवाही वाचा, पण जपून. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असा अर्थ काढणे ही ठरलेली चूक. दाखला उलटा चालतो: असला माणूसही शेवटी न्याय देतो, मग देव का देणार नाही? ‘ही मला जेरीस आणील’ या त्याच्या धास्तीमागचा मूळ ग्रीक शब्द डोळ्याखाली ठोसा मारण्याचा आहे. आणि ती बाई घरी बसून नव्हती, त्याच्याकडे खेटे घालत होती. तेव्हा दशक झाले की दाव्याची फाईलही उघडा, पुढच्या तारखेला कुठला कागद लागणार ते बघा.

माळेसोबत ‘इतक्या प्रती वाटा, नाहीतर अनिष्ट होईल’ अशी चिठ्ठी आली, तर ती चुलीत घाला.