शिमल्यात 450 रुपयांची 'एक सीट', आणि गेले 5,100

"इतकं साधं कसं कळलं नाही तुला?" हे विचारायचं असेल तर खुशाल विचारा. घरच्यांचं विचारून झालंय, ऑफिसातले अजून विचारतात. शिमल्यातल्या त्या गाडीवाल्याने मला एकही मोठी थाप मारली नाही. सगळ्या रकमा किरकोळ, दर वेळी "जाऊ दे, एवढ्यासाठी कशाला हुज्जत" म्हणावं अशा. त्यांची बेरीज झाली 5,100 रुपये. माझं अख्ख्या दिवसाचं बजेट, चंदीगडहून जाण्यायेण्याच्या बसभाड्यासकट, 1,500 होतं.

चंदीगडला ऑफिसचं ट्रेनिंग होतं, मधला रविवार मोकळा. पहाटे सेक्टर 43 च्या स्टँडवरून बस धरायची, दिवसभर शिमला, रात्री परत. एकट्यानेच. टॉय ट्रेनचा मोह होता, पण कालका ते शिमला 96 किलोमीटरला ती पाच तासांच्या आसपास घेते. 102 बोगदे मोजत बसायला रजा हाताशी हवी, एका दिवसाच्या फेरीत ती बसत नाही. म्हणून बस. इथपर्यंत सगळा हिशेब चोख होता.

बाहेरगावच्या बहुतेक बस टुटीकंडीच्या आयएसबीटीला (आंतरराज्य बसस्थानकाला) सोडतात आणि मॉल रोड तिथून बराच लांब, वर राहतो. हे मधलं अंतर म्हणजे दलालांचं कुरण. खरं तर लोकल बसने जुन्या बसस्टँडपर्यंत जायचं, कार्ट रोडवरून लिफ्टने किंवा पायी वर चढायचं, की मॉल आलाच. तिथे गाड्यांना बंदीच आहे. रिज, क्राइस्ट चर्च, 1887 चं गेइटी थिएटर, लक्कड बाजार, सगळं पायी. एकट्या माणसाला शिमल्यात गाडी लागतच नाही. पण मला शिमल्याजवळची कुफरीही बघायची होती, आणि ते स्टँडवर मी मोठ्याने बोललो. चौकशीच्या खिडकीवर. मागे कोण उभं आहे ते बघून बोलत जा.

"कुफरी की बस आज बंद है सर, आगे मलबा गिरा है. छोटी गाडी जा रही है, एक सीट बची है. साडेचार सौ." सप्टेंबर होता, तिकडच्या दरडींच्या बातम्या मी आठवडाभर वाचत होतो. मलबा म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसला असता. गाडीत आधीच दोघं बसलेले, एकाच्या मांडीवर सॅक, दुसरा फोनवर घरी "पोहोचतोय" वगैरे सांगत होता. मी ड्रायव्हरला दोनदा विचारलं, "450 म्हणजे जाऊन येऊन ना?" "हां सर, आना-जाना." माझी बॅग त्याने स्वतःच्या हाताने डिकीत ठेवली. सीटवर जागा नाही म्हणे. जागा होती.

आता कुफरीच्या वाटेवरच्या ढल्लीचं ऐका. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ढल्लीच्या आधी ट्रॅफिकमध्ये आमची गाडी एका सरकारी बसच्या मागे अडकली. हिमाचलची बस, मागच्या काचेवर पाटी: रामपुर. रामपूरची बस जाते कुठून? कुफरी, ठियोग, नारकंडा करतच. म्हणजे जो रस्ता "बंद" होता त्याच रस्त्याला लागलेल्या बसचा धूर आम्ही खात होतो. मी विचारलं. ड्रायव्हर आरशात न बघता म्हणाला, "वो ऊपर वालों की बस है, टूरिस्ट नहीं बिठाते." तेवढ्यात ढल्लीला गाडी थांबली आणि मागचे दोघं उतरले. कुफरीला निघालेले दोघं, ढल्लीला! पैसे दिले नाहीत. एकाने टपावर दोनदा थाप मारली, ड्रायव्हरने हात केला, की झाली गाडी सुरू. त्यांची सॅक सपाट होती. रिकामी सॅक घेऊन कोण फिरायला जातं?

तिथेच उतरायला हवं होतं, असं आता प्रत्येक जण सांगतो. बॅग डिकीत, डिकीला कुलूप, किल्ली त्याच्याकडे, पाऊस भुरभुरतोय आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न. मला दोनशे-अडीचशेच्या फसवणुकीचा वास येत होता, पाच हजारांचा नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असलेलंच. वाटेत गमबुटांच्या दुकानासमोर गाडी आपोआप थांबते. वर चिखल आहे, तुमचे बूट चालणार नाहीत. भाडं 250, डिपॉझिट 500. मग कुफरीत "गाडी यहीं तक", पुढे घोडा कम्पलसरी. घोडा 1,100. पैसे घेणाऱ्याने दिलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर ना नंबर, ना तारीख, नुसती सही मारलेली. वर गेल्यावर "पॉइंट पास" 350, म्हणजे एका दुर्बिणीतून ढग बघायचे आणि सफरचंदाच्या चार झाडांपाशी उभं राहायचं. ज्याने घोड्याचा लगाम धरला होता त्या पोराने 200 मागितले. त्याला मात्र मी मनापासून दिले. चिखलात तो घोट्यापर्यंत रुतत चालत होता, आणि 1,100 मधले त्याच्या हातात काय पडत असतील देव जाणे. त्यानेच उतरताना सांगितलं की महासूच्या टेकडीवर, म्हणजे घोडा जिथे नेतो तिथे, लोक चालतही येतात. कम्पलसरी कुणी केलं होतं मग?

परतताना गमबुटांचं दुकान बंद. बूट ड्रायव्हरने ठेवून घेतले, "डिपॉझिट मैं भिजवा दूंगा". गेले 500.

आणि मग, कुफरीहून थोडं खाली आल्यावर, जिथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला देवदार, तिथे गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, बाकीच्या सवाऱ्या परतीला आल्या नाहीत, तर पूर्ण गाडीचं भाडं द्यावं लागेल. सहा सीटा, 450 प्रमाणे 2,700. मी आवाज चढवला. त्याने इंजिन बंद केलं, सिगारेट पेटवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बस्स. दमदाटी नाही, शिवी नाही. अंधारत चाललेलं, फोनला चार टक्के बॅटरी, चार्जर डिकीतल्या बॅगेत. 112 का नाही लावला, असं विचारणाऱ्यांनी चार टक्क्यांत आपण त्या वळणाचा पत्ता कसा सांगणार याचा विचार करावा. क्यूआर स्कॅन केला. नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअरचं. सुटी रक्कम घ्यायला तो तयार नव्हता, 2,700 म्हणजे 2,700.

बॅग मिळाल्यावर मी नंबर प्लेटचा फोटो काढला. पांढरी पाटी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, पांढरी म्हणजे खाजगी. दिवसभर त्या गाडीत बसलो होतो, पण चढताना डोळे सीटकडे असतात, पाटीकडे नाही. तुम्ही आधी पाटी बघा. पांढरी असेल तर पुढचं बोलणंच नको.

आता चौकी. माझ्या मते खरी फसवणूक इथे झाली. पहिल्या ठिकाणी म्हणाले, सौदा स्टँडवर झाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे रस्त्यात घेतले, ती हद्द आमची नाही. मी पांढऱ्या पाटीचा फोटो दाखवला. साहेबांनी तो मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाले, "ये तो प्राइव्हेट गाडी है. टॅक्सी की शिकायत कैसे लिखें?" म्हणजे गाडी बेकायदा भाडं मारते म्हणून तिच्यावर तक्रार होऊ शकत नाही! शेजारच्या खुर्चीतला चहा पीत हसला. पुढचं वाक्य, "आपने खुद पिन डाला ना?" आणि त्यानंतर, समजावणीच्या सुरात, "अकेले क्यों आए थे?" हे पोलिसाने विचारायचं? एकट्याने फिरणं हा गुन्ह्यातला माझा वाटा आहे का?

परतल्यावर एका वकील मित्राने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्द नंतर ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. ऑनलाइन माहिती पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. अडवून पैसे उकळले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 308, फसवणुकीला 318. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. चौकीत "साहेब, लिहून घ्या हो" म्हणण्यापेक्षा "173 खाली घ्या, नाहीतर नकार लेखी द्या" म्हटलं तर निदान चहा खाली ठेवतात. मला त्या रात्री ठाऊक नव्हतं, आणि साडेदहाची बस चुकवायची ऐपतही नव्हती. उरले होते 340 रुपये.

बँकेने पंधरा मिनिटं गाणं ऐकवून सांगितलं की व्यवहार ग्राहकानेच मंजूर केलेला आहे. तक्रारीच्या पोर्टलवर "विरुद्ध पक्षाचा नोंदणीकृत पत्ता" हा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. मी "देवदाराखाली, डावीकडचं वळण" असं लिहिलं. स्वीकारलं त्यांनी!

एकट्याने जाणार असाल तर बॅग मांडीवरच. डिकीत अजिबात नाही. सीटचा सौदा करू नका. करायचाच असेल तर "बाकी सवाऱ्या आल्या नाहीत तरी मी इतकेच देणार" हे ड्रायव्हरकडून मेसेजवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तेवढ्यात उत्तर मिळालं. बस बंद असल्याचं खिडकीतल्या माणसाने सांगितलं तरच खरं. कुफरीकडच्या बस वरच्या लक्कड बाजार स्टँडवरूनही मिळतात, तिथे जाऊन स्वतः पाटी वाचा. घोड्याच्या जागी आधी दरफलक विचारा आणि चालत जायची वाट कुठली तेही. पॉवर बँक खिशात ठेवा, बॅगेत नको.

पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे सध्या "निकाली" असं दिसतंय. निकाल काय लागला ते कुणी कळवलेलं नाही. मी तीच तक्रार पाटीच्या फोटोसकट त्या भागाच्या परिवहन कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे, खाजगी गाडीतून भाडं मारल्याबद्दल. पोचपावती आली. टपालखर्चाचे पैसे 5,100 मध्ये धरलेले नाहीत.