रेसची इंजिनवाली सायकल: सव्वीसचा स्लिक की मोपेडचा सोळाचा टायर?

इंजिनवाली सायकल बांधायला निघालेली मुलं पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. मी उलट विचारतो, टायर कुठला टाकणार? फ्रेम, ब्रेक, मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात हे सगळं टायर ठरल्यावरच ठरतं. आधी इंजिन बसवून मग टायर शोधायला गेलात, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे फेऱ्या मारण्यात महिना जातो. माझा गेला आहे.

मी हे धरून चाललोय की सायकल डांबरी कार्टिंग ट्रॅकवर, मालकाच्या परवानगीने पळणार आहे. नवी मुंबईचा पाम बीच रोड किंवा ठाण्याचा घोडबंदर रोड डोक्यात असेल तर तो विचार आत्ताच सोडा. इंजिन २५ सीसीच्या वर गेलं की मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ती सायकल राहत नाही, नोंदणी आणि लायसन्स लागणारं वाहन होते. बाजारात ८० सीसी म्हणून मिळणाऱ्या टू-स्ट्रोक किटचा ४७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरून हिशेब केलात तर ते ६६ सीसीचं निघतं, तरी मर्यादेच्या कितीतरी वर. त्यात रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ खाली पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय सकाळी त्याच पाम बीचवर साध्या सायकली घेऊन माणसं असतात. ट्रॅकपर्यंत सायकल टेम्पोने न्या.

आता टायर. आजोबांची अठ्ठावीसची काळी सायकल दणकट असते, पण तिच्या रिमचं माप ६३५ मिमी. त्या मापात रुंद स्लिक, म्हणजे बिनगुट्ट्यांचा गुळगुळीत टायर, मिळत नाही, आणि दांडीचे ब्रेक स्टीलच्या रिमवर इंजिनाचा वेग आवरू शकत नाहीत. ती घरीच राहू द्या. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) खडबडीत गुट्ट्यांचे टायर मातीच्या मैदानासाठी ठीक. डांबरावर सायकल कलवली की गुट्ट्या दुमडतात आणि मागचं चाक वळवळल्यासारखं वाटतं. म्हणजे निवड उरते दोघांत: ५५९ मिमी रिमवरचा सव्वीस बाय अडीच इंची स्लिक, किंवा मोपेडचा अडीच-सोळा (अडीच इंच रुंद, सोळा इंची रिमचा).

मोपेडच्या टायरचा मोह मला समजतो. ठाण्यात कुठेही मिळतो, साइडवॉल जाड, पंक्चर क्वचित. त्यावर ४१ एल छापलेलं असेल तर त्याचा अर्थ १४५ किलो वजन आणि ताशी १२० किमीपर्यंत चालेल. सायकलच्या टायरवर सहसा असा भरवसा छापलेला नसतो. पण तो महिनोन्‌महिने झिजू नये म्हणून कडक रबराचा केलेला असतो, आणि आपल्याला तर वळणावर चिकटणारं रबर हवं.

दुसरी अडचण व्यासाची. सव्वीसचं चाक टायरसकट साधारण ६८० मिमी भरतं, मोपेडचं ५३०च्या आसपास. साध्या एमटीबी फ्रेमला मोपेडची चाकं लावलीत की अख्खी सायकल सातेक सेंटिमीटर खाली बसते आणि वळणात आतलं पेडल डांबराला टेकतं. पेडल टेकलं की मागचं चाक उचललं जातं आणि सावरायला वेळ मिळत नाही. त्यावर उपाय एकच, क्रँकची नळी (पेडलचा आस बसतो ती) वर घेऊन फ्रेम नव्याने वेल्ड करणं.

गिअरिंगही बदलतं. किटमध्ये इंजिनाच्या आतच वेगाची घट ४.१ पट, चेनला पुढे १० दात, मागे ४४. ६००० आरपीएमला सव्वीसचं चाक ताशी ४२ किमीच्या आसपास नेतं. मोपेडचं चाक त्याच दातांवर ३३. तेवढाच वेग हवा तर मागे ३४-३६ दातांचं स्प्रॉकेट लागेल. एक मात्र मोपेडच्या बाजूने सांगतो: छोट्या चाकाला तारा आखूड असतात, त्यामुळे ते वळणात ताठ राहतं आणि आउट (चाक वाकडं होऊन डुलणं) लवकर येत नाही.

सव्वीसच्या स्लिकची दुखणी वेगळी आहेत. अडीच इंच रुंद टायर आणि डाव्या बाजूची इंजिनाची ४१५ मापाची चेन यांच्यात जागा फार कमी उरते. घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या चिमट्यात टायर घालून दोन्ही बाजूंना बोट जातं का बघा. किटबरोबर येणारं, रबरी चकत्यांनी तारांवर आवळायचं स्प्रॉकेट रेसला वापरू नका, ते तारा तोडतं. सहा बोल्टच्या डिस्क हबवर लेथवरून ॲडॉप्टर काढून घ्या. मात्र हबची डिस्कची बाजू आणि इंजिनाची चेन दोन्ही डावीकडेच, म्हणजे मागचा डिस्क ब्रेक गेला. म्हणून फ्रेम अशी शोधा जिला मागे व्ही-ब्रेकचे (रिम दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट आहेत आणि पुढे डिस्क लागते. शक्यतो स्टीलची. किटचे क्लॅम्प बारीक गोल नळीसाठी केलेले असतात, ॲल्युमिनियमच्या जाड नळीवर ते बसत नाहीत, आणि स्टील कोणताही वेल्डर सांधतो.

हवेबद्दल मी एकदा चांगलाच फसलो. ग्रिप वाढेल म्हणून मागचा स्लिक बराच नरम ठेवला होता. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर चाक हाताने फिरवून पाहिलं तर ट्यूबचा वाल्व तिरका झाला होता, मुळाशी रबर पांढरट ताणलेलं. टायर रिमवर सरकत होता आणि ट्यूबला ओढत होता. आणखी दोन फेऱ्यांत वाल्व उपटला असता, तोही बहुधा वळणावर. आता ४० पीएसआयने सुरुवात करतो आणि दोन-दोनने उतरवत जातो. जड माणसाने वरून सुरुवात करावी, साइडवॉलवर छापलेली कमाल मात्र ओलांडू नये.

पहिलीच सायकल असेल तर माझं मत स्वच्छ आहे: स्टीलची सव्वीसची व्ही-ब्रेकवाली फ्रेम आणि दोन्हीकडे स्लिक. पैसा कमी पडला तर चांगला टायर पुढे टाका, मागे साधा चालेल. मोपेडची चाकं त्याने घ्यावीत ज्याच्याकडे वेल्डिंगचा हात आहे, क्रँक वर घेतलेली फ्रेम स्वतः बांधायची तयारी आहे, किंवा ज्याचं वजन नव्वद किलोच्या वर आहे. तेव्हाही मोपेडची स्वतःची रिम वापरा. मुलांच्या वीसच्या सायकलची रिम ४०६ मिमी आणि मोपेडची ४०५ म्हणून एकाचा टायर दुसरीवर चढवणारे भेटतात, पण दोन्ही रिमची रुंदी आणि टायरची कड बसण्याची खाच वेगळी असते.

जूनच्या पहिल्या पावसात दोन्ही टायर सारखेच घसरतात, कारण डांबरावरचं तेल वर येतं. त्या आठवड्यात सायकल बाहेर काढू नका.

आणि पहिल्या दिवशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, अर्धी टायरवर, अर्धी रिमवर. प्रत्येक सत्रानंतर वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली की आधी पंप, मग पुढची फेरी.